कोरीच्या मिश्या

फरशी पॉलिश करण्यात या गृहस्थांची छत्तीस वर्षं गेली. खडबडीत लादी त्यांच्या हाताखाली आली की आरसाच होऊन निघायची. गल्लीत त्यांना सगळे फरशीवालेच म्हणत. असा हा दणकट माणूस आज सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होता. माशांच्या टाकीपाशी जायचा, डोकावायचा, पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरायचा आणि न पिताच परत यायचा.

“अहो, बसा की जरा! तुमच्या फेऱ्यांनी माझ्या पायांत गोळे आले,” बायको म्हणाली.

टाकीत ‘कोरी’ जातीचे पाच मासे होते. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला हा इवलासा जीव. अंगठ्याएवढा देह, अंगावर चिलखतासारख्या कडक पट्ट्या आणि तोंडाशी मऊ मऊ मिश्या. त्या मिश्यांनी तळ चाचपत तो पोट भरतो. लेक नर्सिंग शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा आपले लाडके मासे बापाच्या हवाली करून गेली. मग बापाने काय करावं? कामावर उरलेली संगमरवरी खडी आणली आणि रंगाला रंग जुळवून टाकीच्या तळाशी नक्षी मांडली. काय तळ होता महाराजा! पाहुणे मासे सोडून तळच बघत बसायचे.

आणि मिश्या झिजू लागल्या. सगळ्यांत लहान माशाच्या तर नावालाच उरल्या. चार दिवस त्याने दाण्याला तोंड लावलं नव्हतं. लेक रोज संध्याकाळी सातला फोनवर मासे बघायची आणि फरशीवाले फोन असा धरायचे, की तो धाकटा दिसूच नये.

मासे विकणाऱ्या दुकानदाराने विचारलं होतं, “तळाला धार तर नाही ना?”

“धार? उभा जन्म दगडात गेला माझा. हात फिरवून बघितलाय, लोणी आहे लोणी!”

 दुकानदाराने मग औषधाची बाटली दिली. गुण शून्य.

दुपारी टाकीतलं कुजलेलं पान काढायला बायकोने तळापर्यंत हात घातला आणि “आई गं!” करत बाहेर काढला. बोटांवर दोन लाल ओरखडे.

“हेच का तुमचं लोणी?”

फरशीवाल्यांनी तोच खडा उचलून अंगठा घासला. काही नाही. पाचही बोटं घासली, तरी काही नाही. दगड, सिमेंट आणि पॉलिशच्या पावडरीने हातांचं जाड, बधिर कातडं कधीच करून टाकलं होतं. मग त्यांनी खडा हळूच आपल्या ओठावरून फिरवला.

चर्रकन झोंबलं.

पुढचे तीन तास घरात नुसती धावपळ. मासे बादलीत गेले, नक्षी ओरबाडून बाहेर आली, दुकानातून नदीची बारीक वाळू आली. ती सात पाण्यांनी धुतली आणि प्रत्येक मूठ ओठाला लावून पाहिली.

“अहो, वाळू खाताय की काय?”

“चव बघतोय. मीठ कमी आहे.”

सातला फोन वाजला. आज त्यांनी तो थेट धाकट्यासमोर धरला.

“बाबा! याच्या मिश्या कुठे गेल्या?”

“माझ्यामुळे गेल्या. मीच धारदार खडी घातली. हाताला कळलंच नाही गं.”

“आणि मला इतके दिवस बाकीचेच दाखवत होतात?”

“हो.”

 चार मासे डोळ्यांपर्यंत वाळूत तोंड खुपसून रमले होते. धाकटा मात्र कोपऱ्यात. एकदा झपकन वर जाऊन त्याने हवा गिळली, परत खाली आला. तोंड वाळूत टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. दाणा हुकला. पुन्हा हुकला. मग गट्ट!

“खाल्लं! अगं, खाल्लं त्याने!”

“फोन हलवू नका, काही दिसत नाहीये!” लेक ओरडली. मग तिचा आवाज उतरला. “बाबा, हाताला कळत नाही म्हणजे किती? गरम कप धरला तर चटका बसतो का?”

“तू माशाचं बघ आधी.”

“बघितलं. आता हात दाखवा. दोन्ही.”

बायकोने फोन धरला. फरशीवाल्यांनी मुकाट्याने दोन्ही तळवे पुढे केले. लेक तिकडून एकेक बोट निरखत होती, आणि यांची मान सारखी टाकीकडे वळत होती, धाकट्याला दुसरा दाणा सापडतोय का ते बघायला.