फ्लशच्या टाकीतली नीळ

चावीवाला स्वतःच्या बहिणीच्या गल्लीला अर्धा तास जास्त पाणी सोडतो, ही खबर वरच्या गल्लीत पाण्याच्या आधी पोचायची. खरं असं, की दोन वर्षांपूर्वी बहीण त्याला म्हणाली, "दादा, दोन फेरे जास्त फिरव की रे." आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "साडेअकरा फेरे. तुलाही तेवढेच, साहेबालाही तेवढेच." तेव्हापासून बहिणीने त्याच्याशी अबोला धरलेला.

पण हे वरच्या गल्लीतल्या काकूंना सांगणार कोण? तक्रारअर्ज त्यांनीच लिहिला होता. मोत्यासारखं अक्षर, खाली चाळीस घरांच्या सह्या. सोमवारी पाणीखात्याचे साहेब त्यावर निर्णय देणार होते. म्हणजे बावीस वर्षं पाणी सोडणाऱ्या माणसाच्या हातातली चावी जाणार.

शनिवारी सकाळी, पाणी आलेलं असतानाच, तो काकूंच्या दारात उभा. हातात लोखंडी सळई.

"काकू, तुमचा पाइप जरा ऐकू का?"

"काऽय करू का?"

"ऐकू."

वरच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपावर त्याने सळईचं एक टोक टेकवलं, दुसरं कानाला लावलं. माणसांचं बोलणं त्याला दोनदा सांगावं लागे, पाइपाचं एकदाच.

"घरात पाणी वाया जातंय."

"आमच्याऽ घरात?" काकू फणकारल्या. "अहो, भाजी धुतलेलं पाणी मी झाडांना घालते! एक नळ ठिबकत असेल तर दाखवा!"

"नळ कोण म्हणतंय? नीळ आहे का घरात?"

कपड्यांची नीळ आली. त्याने फ्लशच्या टाकीत झाकणभर ओतली. "पाव तास कुणी फ्लश करायचा नाही. भांडं पांढरं राहिलं, तर चावी मीच साहेबांच्या टेबलावर ठेवतो. निळं झालं तर?"

"तर अर्ज मागे घेतला म्हणून चाळीस घरी मी सांगत फिरेन! लागली पैज!"

काकांना नेमकी तेव्हाच घाई झाली.

"धरून ठेवा!" काकू कडाडल्या.

सातव्या मिनिटाला भांड्यात निळी रेघ उतरली. मग दुसरी. काकूंच्या तोंडचं पाणीच पळालं. भिंतीला हात टेकून त्या बघत राहिल्या.

"हे... कधीपासून?"

"ते सळईला कळत नाही. पण इथून गळतंय, म्हणून तुमची वरची टाकी भरतच नाही. पाणी असेपर्यंत ओढत बसते. गल्लीच्या टोकाला मग काय पोचणार?"

टोकाला कोण राहतं, हे काकूंना पाठ होतं. कोरड्या हंड्याशी बसलेल्या त्या आजींवर त्यांनी अर्जात अख्खा परिच्छेद लिहिला होता. वाचून कारकुनाचे डोळे भरून आले होते म्हणे.

"म्हणजे आजींचं पाणी... मी?"

तो सळई पुसत राहिला.

रविवारी काकू सगळ्यात आधी टोकाच्या दारात गेल्या. "आजी, अर्ज मागे घेतलाय. माणूस सरळ आहे. गळत होती ती माझीच टाकी." एवढं म्हणायला त्यांना तीनदा घसा खाकरावा लागला. अजून एकोणचाळीस दारं बाकी होती.