न उघडणाऱ्या दाराचे मास्तर

“नो ओपन, प्लीज. ओन्ली सिमेट्री.”

उजवा हात छातीशी आडवा धरून, मान जराशी झुकवून मास्तर हे म्हणायचे. पितळी मुठीकडे गेलेला हात पाहुणा मागे घ्यायचा आणि सॉरी म्हणायचा. मास्तरांना म्हणायचा की दाराला, ते मला कधी कळलं नाही.

आता दार कुठलं ते सांगते. इथे परदेशात, पापाटोएटो उपनगरातली आपली भारतीय दुकानं मागे टाकून गाडीनं बरंच पुढे गेलात की गाईंच्या कुरणांमध्ये एक मोठी हवेली लागते. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, मेंढ्यांवर श्रीमंत झालेल्या कुणा साहेबानं बांधलेली. वारसा म्हणून राखलेली, म्हणजे साधा खिळासुद्धा परवानगीशिवाय ठोकायचा नाही. तिथल्या चहाघरात मी स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे गोडसर पाव, भाजायचे. मास्तर शहरात, माउंट रॉस्किल भागात आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. साताऱ्याकडच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली आणि मग मुलीकडे आले. मुलगी-जावई कामावर गेले की दिवसभर खिडकीत. समोरच्या घराचं छप्पर डावीकडे कललंय म्हणून बेचैन.

मुलगीच मला म्हणाली, “काकू, बाबांना सोबत नेत जा ना. काल त्यांनी त्या शेजाऱ्याला छपराचं सांगितलं.”

पहिल्या दिवशी मास्तर हवेलीसमोर उभे राहिले. मनोरा, नक्षीचा व्हरांडा, कोपऱ्यांना दगडाचे मोठाले चिरे. त्यांनी पुढे होऊन एका चिऱ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज पोकळ.

“वहिनी, हे लाकूड आहे.”

मग ते सगळं घर ठोकत फिरले. संगमरवरी शेकोटी लाकडाची निघाली. ओकचे दरवाजे इथल्याच कौरी लाकडाचे, वर पिसानं ओकच्या रेषा काढलेल्या. एका धुराड्याखाली तर शेकोटीच नव्हती. मला वाटलं, आता चिडणार. सरळ माणूस तो. पण परतताना गाडीत म्हणाले, “खोटं बोलायला केवढे कष्ट घेतलेत हो. माझ्या वर्गातल्या पोरांनी एवढे घेतले असते तर मी मार्क दिले असते.”

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली तेव्हा ते टाय लावून फाटकाशी उभे होते.

तर ते दार जेवणघरातलं. शेकोटीच्या दोन अंगांना दोन दारं. डावं स्वयंपाकघरात जातं. उजवं कुठेच जात नाही, त्याच्यामागे भिंत आहे. एका बाजूला दार आणि दुसरीकडे नाही, असं असतं तर त्या साहेबाला घास गेला नसता, म्हणून नुसतं सिमेट्रीसाठी बसवलेलं. पाहुणे नेमकी त्याचीच मूठ पिळायचे. एकदा ती एका बाईंच्या हातातच आली. परत बसवायच्या परवानगीत अख्खा उन्हाळा गेला. पाटी लावावी तर खिळा चालत नाही, चिकटपट्टीनं वॉर्निश निघतं. शेवटी हवेली सांभाळणाऱ्या समितीच्या अध्यक्ष जोनबाईंनी स्टँडवरच्या पाटीसाठी अर्ज केला आणि “टिल देन?” म्हणून हताशपणे इकडेतिकडे पाहिलं.

मास्तर दाराजवळच होते. “आय स्टँड,” म्हणाले.

परवानगीला वर्षं लागली. मास्तर उभे.

पहिल्याच महिन्यात ते चहाघरात आले. चेहरा उतरलेला.

“वहिनी, घोटाळा झालाय. मी उजवीकडे एकटाच उभा असतो. त्यानं भिंत कलते.”

“मग बसा की.”

“बसलो तरी कलेल. तुम्ही डाव्या दाराशी या.”

“आणि स्कोन?”

“ओव्हन बघून या. घाई नाही.”

तेव्हापासून पाहुण्यांचा गट आला की मी चहाचा ट्रे घेऊन डाव्या दाराशी. जोनबाईंनी कारण विचारलं तर मास्तर गंभीरपणे म्हणाले, “शी इज फॉर बॅलन्स.” आमच्या घरी हे ऐकून सून इतकी हसली की तिला बसावं लागलं.

सोमवारी हवेली बंद असायची. त्या दिवशी जमिनीला मेणाचं पॉलिश. मास्तर तेव्हाही यायचे.

“मास्तर, बाजूला व्हा जरा.”

“आणि तेवढ्यात कोणी आलं तर?”

“सोमवारी बंद असतं.”

“ते दाराला काय माहीत?”

मग काय, त्यांच्या बुटांभोवतीनं पॉलिश व्हायचं. बूटही एवढेसे, दुकानातल्या लहान मुलांच्या विभागातून घेतलेले.

मुलीला मात्र हे आवडेनासं झालं. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, “बाबा, तुम्ही तिथे पाटीचं काम करता. लोक काय म्हणतील?”

“लोक सॉरी म्हणतात.”

 गाडीत मात्र म्हणाले, “घरी मी असलो काय, नसलो काय, कुणाचं काही अडत नाही वहिनी. इथे मी नसलो तर मूठ निघते.”

टपाल आलं की जोनबाईंकडे बघून विचारायचे, “बोर्ड?” त्या नाही म्हणून मान हलवायच्या. मग मास्तर लोणी लावून दोन स्कोन खायचे.

आणि एकदा ती परवानगी आलीच. काळ्या स्टँडवर छोटी पितळी पाटी: हे दार उघडत नाही. मास्तरांनी ती वाचली, “स्पेलिंग बरोबर आहे,” म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन बसले. मी स्कोन नेले, त्यांनी हात लावला नाही.

दुपारी जोनबाई धावत आल्या. “मास्टर, प्लीज. पाहुणे पाटी वाचतात आणि मग खरंच उघडत नाही ना, ते बघतात. सगळेच्या सगळे बघतात. मूठ लोंबायला लागलीय.”

मास्तरांनी चहा शांतपणे संपवला. टाय नीट केला. आत जाऊन पाटीशेजारी उभे राहिले, मान तिरकी करून भिंतीकडे पाहिलं आणि मला हाक मारली.

“वहिनी, आता या बाजूला आम्ही दोघं झालो. तुम्ही दोन ट्रे धरा.”

धरले.

मास्तर गेले ते जूनच्या गारठ्यात, इथे तेव्हा ऐन हिवाळा असतो, घरीच, दुपारच्या झोपेत. मुलगी मला म्हणाली, “काकू, टाय लावूनच झोपले होते.”

त्यानंतर काही महिन्यांनी हवेली तपासायला एक तरुण अधिकारी आला. उजव्या दाराशी येऊन गुडघ्यांवर बसला. चकचकीत जमिनीत दोन पावलांएवढे फिके ठसे, पॉलिश न लागलेले; मास्तर गेल्यावरही सोमवारी तेवढी जागा सुटतच होती.

“इथे त्या काळचा बटलर उभा राहत असणार,” तो म्हणाला. “पावलं बघा केवढीशी. तेव्हा माणसं लहान चणीची असत.”

जोनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, “याला कधीही पॉलिश लावायचं नाही. हा घराचाच भाग आहे.”

मी तोंड मिटलं.

आता त्या ठशांभोवती लाल दोरी आहे. तिच्यामुळे कुणाचा हात मुठीपर्यंत पोचत नाही, मूठ अगदी घट्ट आहे. पाहुण्यांचा गट आला की मी ओव्हन बघते, दोन ट्रे घेते आणि डाव्या दाराशी जाऊन उभी राहते. नाहीतर भिंत कलते.