गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

आयुष्यात मी एकच खरेदी घासाघीस न करता केली, आणि तीच माझ्या मानगुटीवर बसली. मेथीची जुडी असो की टायर, पहिल्या भावाला मी वस्तू उचललेली नाही. पण ही गाडी विकणारा माणूस बायकोचा थोरला भाऊ होता. त्याच्याच घरात, सासूबाईंच्या समोर, चहाचा कप हातात धरून "दादा, थोडे कमी करा" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. गाडी धड चालवूनही पाहिली नाही. तो म्हणाला, "घरातलीच गाडी आहे भावोजी, बघायचंय काय त्यात?" आणि मी मान हलवली.

ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. वडील गिरणीत होते, पण मी त्या वाटेला गेलो नाही. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, दुसऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि मग ही स्वतःची घेतली. अंधेरीत राहत होतो. सांताक्रूझच्या एका ऑफिसचं काम मिळवलं होतं. विमानतळावर त्यांचे पाहुणे उतरायचे, त्यांना मुलुंडच्या कारखान्यात पोचवायचं. घर त्या एका कामावर चाललं होतं.

गाडीचा रोग असा, की अर्धा-पाऊण तास चालली की दोन गचके द्यायची आणि गप. स्टार्टर फिरवा, इंजिन नुसतं घरघरणार, पेटणार नाही. मग वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवली की पहिल्या चावीला सुरू, जसं काही झालंच नाही. एकदा पवईच्या रस्त्यावर पाहुणा मागे बसलेला असताना तिने हे केलं. ऑफिसातला साहेब आवाज न चढवता म्हणाला, "पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरी गाडी बघू." चढ्या आवाजाशी मी भांडू शकतो. ह्याच्याशी काय भांडणार?

गॅरेजवाल्याकडे नेली की गाडी शहाण्यासारखी चालायची. त्याने कार्बोरेटर धुतला, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला. शेवटी वैतागून म्हणाला, "बंद पडलेली असताना आणा ना शेट."

"बंद पडलेली गाडी चालवत आणू कशी रे?"

"मग चालू गाडीत मी काय शोधू?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण आणखी वाढलं.

मेहुण्याला सांगितलं तर तो हसला. "माझ्याकडे चार वर्षं होती, कधी खोकली नाही. तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता भावोजी. दुसऱ्याच्या गाड्या चालवायची सवय." हे त्याने चार लोकांत म्हटलं.

तेव्हाच मी ठरवलं, की हा आत बसलेला असताना गाडी बंद पडली पाहिजे. मे महिना होता. सोमवारी सकाळी ऑफिसचा पाहुणा यायचा होता. आदल्या दिवशी, रविवारी, मी सासरच्यांना मढला समुद्रावर जेवायला नेण्याचं आमंत्रण दिलं. बायकोला वाटलं नवरा सुधारला. मी डिकीत पाना, पक्कड आणि दोन वायरी जोडलेला बल्ब टाकून ठेवला.

सकाळी गाडी मढपर्यंत एकदाही कुरकुरली नाही. "बघा," मेहुणा म्हणाला. मी दात आवळून बांगड्याचा डबा उघडला.

दुपारी परत निघालो. गाडी उन्हात तापली होती. मढ सोडून बरंच पुढे आलो आणि रस्ता जिथे सगळ्यात अरुंद होता, दोन्ही कडांना खाडीचा चिखल, तिथे तिने दोन गचके दिले. मागे बस येऊन थांबली. समोरून आलेला ट्रकही थांबला. मागे जायला जागा नाही, बाजूला घ्यायला जागा नाही. आत सासूबाई, बायको, मेहुणा आणि मी, चौघं घामाने निथळत. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मीच त्यात अडकलो होतो.

बसचा कंडक्टर उतरला. "ओ शेट, इथेच बिऱ्हाड करताय काय?"

"तू तुझी तिकिटं फाड रे!" मी ओरडलो आणि बॉनेट उघडलं.

मेहुण्याला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. "दादा, सांगतो तेव्हा चावी मारा." कॉइलमधून, म्हणजे ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या डब्यातून, येणारी जाड वायर वीज वाटणाऱ्या टोपीतून उपटली, कोरड्या फडक्याने धरून इंजिनच्या लोखंडाजवळ नेली. "मारा!" तिथे निळी ठिणगी तडतडायला हवी. काहीच नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नव्हता. वीजच पोचत नव्हती. बल्बची एक वायर लोखंडाला आणि दुसरी कॉइलच्या आत जाणाऱ्या तारेला लावली. बल्ब पेटला. कॉइलला वीज मिळत होती. मग पॉइंटकडच्या तारेला लावली. "मारा!" बल्ब उघडझाप करू लागला, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे पॉइंटही आपलं काम करत होते. आत सगळं ठीक जात होतं आणि बाहेर काही येत नव्हतं. मधे उरली ती कॉइल. तिच्यावर हात ठेवला आणि चटका बसून काढला.

महिनाभर गॅरेजवाल्याला न सापडलेली गोष्ट मला त्या रस्त्यावर पाच मिनिटांत सापडली, कारण पहिल्यांदाच मी ती गरम असताना तपासत होतो. पण सापडून उपयोग काय? नवी कॉइल मालाडशिवाय मिळणार नव्हती. बसवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. बायको म्हणाली, "अहो, आईला गरगरतंय."

तेवढ्यात मागच्या सीटवरून सासूबाई मुलाला म्हणाल्या, "अरे झिला, ओलो फडको ठेव मरे तेच्यार. तू ठेवतंस ना नेहमी?"

मी बॉनेटखालून मान वर केली.

"आई, तू गप्प बस गं," मेहुणा म्हणाला. "ते वेगळं होतं."

मी वाकून कॉइल पुन्हा पाहिली. तिच्या डब्याभोवती गंजाचं कडं होतं. ते मी आधीही पाहिलं होतं आणि पावसाळ्याचं समजलो होतो. आता दिसलं, की तिला आवळणाऱ्या पट्टीच्या खाली लाल पंच्याचा एक धागा चिकटून वाळला होता. असं पाणी किती वेळा घातलं असेल त्याने!

माझा हात पान्यावर होता. खरं सांगायचं तर पाना फेकून मारावासा वाटला. बायको खाली उतरून माझ्याजवळ आली होती. तिनेही ते कडं पाहिलं. हळूच म्हणाली, "आईसमोर नको."

मी वॉटरबॅगेतलं पाणी टॉवेलवर ओतलं, तो कॉइलला गुंडाळला. वाफ निघाली. थोड्या वेळाने परत भिजवला. मग मेहुण्याला उठवलं, स्वतः बसलो, चावी मारली. इंजिन पेटलं. कंडक्टर टाळ्या वाजवत म्हणाला, "चला, सुटलो!" तो सुटला होता. मला त्या डबड्यात त्याच माणसाला शेजारी बसवून घरापर्यंत न्यायचं होतं. मार्व्याला एकदा आणि मालाडला, जिथे रविवारची सगळी दुकानं बंद होती, एकदा टॉवेल भिजवायला थांबलो. दोन्ही वेळा तोच न सांगता उतरला आणि भिजवून आला. त्याचा हात बरोबर तिथेच जात होता. सासूबाई झोपल्या होत्या.

संध्याकाळी अंधेरीत ओळखीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असताना आत घुसलो आणि नवी कॉइल घेतली. दोन स्क्रू, तीन वायरी. सोमवारी पाहुणा घेऊन निघालो. पवई येईपर्यंत माझी पाठ सीटला टेकली नव्हती. गचका कुठे बसेल तेच ऐकत होतो. गचका बसला नाही. मुलुंड आलं. काम राहिलं.

नंतर मी खूप विचार केला. कॉइल खराब आहे हे माहीत असून त्याने लपवलं असतं, तर मी कदाचित विसरलो असतो. वस्तू छोटी होती. पण दोन स्क्रूंचं काम माहीत असतं तर चार वर्षं फडकी भिजवत कोण बसेल? तो डबा थंड केला की गाडी चालते, एवढंच त्याला ठाऊक होतं; त्याला वाटत होतं इंजिनच मरायला आलंय. मेलेलं इंजिन समजून त्याने ते बहिणीच्या नवऱ्याच्या गळ्यात बांधलं, तिच्या घराचं पोट त्यावर आहे हे माहीत असून.

ती गाडी पुढे कितीतरी वर्षं धावली. दर सणाला तो घरी यायचा, दाराशी उभी असलेली गाडी बघायचा, कधी बॉनेटवर हात ठेवायचा. कशाने बरी झाली, हे त्याने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दोन शब्दांत सांगितलं असतं आणि विषय कदाचित तिथेच संपला असता. बायको अजून म्हणते, तुम्हीच सांगून टाका. मी का सांगू? विचारायची पाळी त्याची आहे.