दारावरचा आकडा

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा ही वही कधी कोणी उघडलीच तर त्याने सांभाळून घ्यावं.

यंदा शहरातल्या आमच्या बनशंकरी भागात करंजाची फुलं गळू लागली आणि आमच्या चाळीची बोअर आटली. मालकीणबाईंनी, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, टँकर लावला आणि प्रत्येक दारावर खडूने माणसांचा आकडा लिहिला. हौदातून माणशी चार घागरी घ्यायच्या, पैसेही माणशीच. मोजायला कोणी उभं नसे. आमच्या दारावर तीन. त्याच आठवड्यात निपाणीहून लेक बाळंतपणाला आली. तीनपेक्षा जास्त माणसं झाली की अक्का खोली सोडायला लावतात, म्हणून मी म्हटलं, "पाहुणी आहे, चार दिवसांत जाईल." बाळ झालं, दोन महिने झाले, अक्कांनी विचारलं की माझं तेच उत्तर, आणि मी रोज पहाटे जास्तीच्या घागरी भरत राहिले, धारेचा आवाज होऊ नये म्हणून घागरीत आधी फडकं टाकायची.

ऊन वाढलं. टँकरच्या नळीतून ठिबकणाऱ्या थेंबांवर साळुंक्या भांडायच्या, ओल्या सिमेंटचा वास क्षणभर यायचा आणि विरून जायचा. हौद दुपारीच कोरडा पडू लागला.

"कुणाच्या घागरीला भोक पडलंय गं?" अक्कांनी अंगणात विचारलं.

"बाहेरून किती माणसं येतात हो, शहराने पुरवायचं तरी कुठून?" कोणीतरी म्हणालं, आणि मीही मान हलवली. जगात माणसं फार वाढली असं टीव्हीवर सांगतात तेव्हाही मी अशीच मान हलवते. जास्तीची माणसं मला नेहमी दुसऱ्यांच्याच घरात दिसतात.

त्या संध्याकाळी शेवटच्या खोलीतल्या गंगक्का आल्या. एकट्या राहतात, दारावर एक. त्यांच्या वाट्याला त्या दिवशी अर्धीच घागर आली होती, तीच त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. "बाळंतिणीला लागतं. मला एकटीला कशाला एवढं?"

मला ती घागर घरात घेता येईना. ती तशीच उचलून त्यांच्या दारात ठेवली आणि अक्कांकडे जाऊन सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "बाळालाही धरायचं का?"

"ते पीत नाही, पण त्याची दुपटी पितात ना!" अक्का म्हणाल्या. मग खडू हातात घेऊन, "सरी, ठीक आहे. लेक जाईपर्यंत राहा. मागचे पैसे स्वल्प स्वल्प करून दे."

त्यांनी तीन पुसून पाच लिहिले. पहाटेचं फडकं मी वाळत टाकलं.

पुढे लेक बाळाला घेऊन सासरी गेली आणि अक्कांनी दारावर पुन्हा तीन लिहिले. पुसलेल्या पाचाची पांढरी धूळ अजून लाकडाच्या रेषांत आहे. ती दोघं इथून गेली, पण कमी कुठे झाली? तिकडे निपाणीत कुठल्या हौदावर त्यांच्या घागरी भरत असतील, कोणाची अर्धी राहत असेल, हे मला इथून दिसत नाही. काल अक्कांच्या हातात शेवटच्या नोटा ठेवल्या. पैसे सगळे फिटले.