न कापलेली पानं

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला आलो तेव्हा माझा अर्धवट प्रबंध पुण्यातच राहिला. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती, मुलगी लहान होती. प्रबंधाचा विषय होता एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच साहित्याचा एक इतिहासकार. गृहस्थानं जन्मभर शाळेत शिकवलं आणि प्रत्येक सुट्टीत गावोगावच्या ग्रंथालयांत बसून विसरलेल्या कवींची हस्तलिखितं उतरवून काढली. पुढच्या विद्वानांनी त्याच्या चुका दाखवल्या आणि तो तळटीपांपुरता उरला. मला मात्र त्याच्याबद्दल माया होती.

शेजारी फ्रेंचच्या एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. एकदा चहा घेताना मी त्याचं नाव काढलं. त्या उठल्या आणि कपाटातून चार जाड खंड घेऊन आल्या. त्याचेच!

"माझ्या बाईंनी दिले होते. पहिला वाचला, मग लग्न झालं."

दुसऱ्या खंडापासून पानं कडेला जोडलेलीच होती. जुनी फ्रेंच पुस्तकं तशीच यायची. वाचणाऱ्यानं सुरीनं कापत जायचं.

"कापू?" मी विचारलं.

"नाहीतर दाखवले कशाला?"

मग मुलगी शाळेत गेली की दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जायची. लोण्याच्या सुरीनं पानं कापायची, मोठ्यानं वाचायची. उच्चार चुकला की त्या टेबलावर बोट आपटायच्या. एका कवीचं थडगं शोधताना आपण पावसात भिजलो आणि थडगं सापडलंच नाही, असं त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. त्या खळखळून हसल्या. "युअर मॅन भिजला बघ!" इथे नाव न घेता कुणाही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. तेव्हापासून आमच्या दोघींत त्याचं तेच नाव पडलं.

तिसरा खंड संपता संपता त्यांचा मुलगा त्यांना लिमरिकला आपल्या घरी घेऊन गेला. पुस्तकं त्यांनी माझ्याकडे दिली. चौथा खंड मी फोनवर वाचायची. त्यांचा आवाज दर आठवड्याला थोडा बारीक होत होता.

शेवटच्या प्रकरणात एकदा पलीकडून काहीच ऐकू येईना. मी थांबले.

"झोप लागलीय तिला," मुलगा हळूच म्हणाला. "पण तुम्ही वाचा. मला कळत नाही, तरी ऐकतोय."

त्यानंतर त्या महिनाभरच जगल्या. प्रबंध मी काही पुरा केला नाही. फोनवर त्यांना झोप लागली त्या दिवशी मात्र प्रकरण संपेपर्यंत वाचत राहिले, आणि तोही शेवटपर्यंत फोन धरून बसला होता.