टाकीला सांगा म्हणावं

आमच्या वायनरीतले किस्से केळ्याच्या फणीसारखे आहेत. एक ओढायला जावं, तर शेजारचे चार चिकटून येतात. घरी, शनवारा पेठेत, मैत्रिणींना एकच सांगायला बसते आणि चहा दोनदा गरम करावा लागतो.

वायनरी नेपानगर रस्त्याला. केळ्याची वाइन करतो आम्ही. संस्था शेतकऱ्यांची, अध्यक्ष नाना. माळकरी माणूस, वाइनचा थेंब कधी जिभेला लागलेला नाही. पण रोज सकाळी टाकीला कान लावतात.

एकदा म्हणाले, "आज हिचं पोट बरं नाही."

मी इथली केमिस्ट, एम.एस्सी.! टेम्परेचर घेतलं, कागद दाखवला, सगळं नॉर्मल आहे म्हणून सुनावलं.

आठवड्यात त्या टाकीतली वाइन आंबट होऊन फुकट गेली. दुसऱ्या दिवशी कान लावताना नाना जरासे सरकले आणि मला शेजारी जागा करून दिली.

* * *

परदेशी गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळत होतं. त्यांची अट फेअर ट्रेडची. म्हणजे ते भावावर थोडे पैसे जास्त देणार, आणि ते कशावर खर्च करायचे हे कामगारांची कमिटी मत घेऊन ठरवणार. कमिटीत बाई हवीच, आणि तिनं बोलायलाही हवं. तासभर समजावलं मी सगळ्या म्हाताऱ्यांना.

नाना म्हणाले, "म्हणजे नीट वागायचं, आणि नीट वागतो म्हणून सर्टिफिकेट घ्यायचं?"

"हो, नाना."

"मग पहिलं आमच्या मायला द्यायला पाहिजे होतं."

* * *

नियमाप्रमाणे केळी सोलणाऱ्या बायकांना रबरी हातमोजे दिले. केळीच्या चिकानं हात काळे होतात, म्हणून. दुसऱ्या दिवशी पाहते तर कमलकाकूंनी मोज्यांची दहाही टोकं कात्रीनं उडवलेली.

मी भडकले. काकू शांतपणे म्हणाल्या, "पोरी, केळं पिकलं का नाही ते बोटांना दिसायला नको?"

* * *

कमिटीवर बायकांनी एकमतानं कमलकाकूंनाच निवडलं. आवाज असा, की सोलायला बसल्या की लांब चांदनी स्टेशनवरच्या माणसानं अनाउन्समेंट समजून गाडीचा टाइम विचारावा.

पहिल्या मीटिंगला त्या आल्या, डोक्यावरून पदर ओढला आणि दोन तास गप्प.

कारण नाना त्यांचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. एकाच घरात वीस वर्षं राहतात दोघं. काकू रोज त्यांचं ताट वाढतात, पण जेठासमोर बोलायचं नाही म्हणजे नाही! काही सांगायचंच असलं, तर टाकीकडे तोंड करून मला म्हणायच्या, "टाकीला सांगा म्हणावं, साखर संपली." आणि पलीकडून नाना टाकीलाच म्हणायचे, "मागवतो म्हणावं."

हसायची गोष्ट होती, पण फार वेळ नाही. वायनरीत संडास एकच, पुरुषांच्या बाजूला, त्याला आतून कडी नाही. म्हणून बायका दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. मे महिन्यात काकू चक्कर येऊन टोपलीवर पडल्या. आणि कमिटीतल्या म्हाताऱ्यांचं मत काय, तर जास्तीच्या पैशातून गावाला कमान बांधू!

मी नानांना म्हटलं, "तुम्हीच सांगा ना काकूंना बोलायला."

"मी कसं सांगू? मी बोलत नाही तिच्याशी."

* * *

मग मी डोकं चालवलं. काकूंना शेजारच्या खोलीत बसवलं आणि नानांना मोबाइल लावून दिला. समोर नाहीत, तर बोलायला काय हरकत?

नानांनी फोन कानाला लावला, आवाज ओळखला, खुर्चीतून उठले, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर गेले.

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना वाटलं, मलाही काही नातं लागलं असावं.

* * *

शेवटी फेअर ट्रेडच्या इन्स्पेक्शनला पुण्याहून मॅडम आल्या. मीटिंगला बसल्या. अध्यक्ष हजर हवेतच, आणि बाईंनी स्वतः बोलायला हवं. "नाहीतर ही कमिटी नुसती कागदावर आहे, असं मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. म्हणजे सर्टिफिकेट नाही, गिऱ्हाईक नाही. आणि कडी तर नाहीच.

काकूंचा पदर नाकापर्यंत आलेला. मी उभी राहिले, "नाना, तुमचे हे रीतिरिवाज..."

नानांनी हातानंच मला खाली बसवलं. खांद्यावरचं उपरणं काढलं, स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि हनुवटीपर्यंत ओढलं, अगदी नव्या नवरीसारखं.

"बोल म्हणावं आता."

मग काकूंचा आवाज आला. आधी बारीक, मग तो नेहमीचा.

"संडास पायजे. बायांचा वेगळा. कडी आतून. आणि आत दिवा."

मॅडमनी विचारलं, कोणाकोणाची संमती? म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. पहिला हात उपरण्याखालून वर आला. मग बाकीचे.

मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "आणखी काही सांगायचंय, ताई?"

टाकी दुसऱ्या खोलीत होती, तरी काकू तिकडेच वळल्या.

"विचारा म्हणावं, वीस वर्षं झाली, माझ्या वरणात मीठ बरोबर असतं का?"

उपरणं जरासं हललं.

"थोडं कमी असतं म्हणावं. पण तसंच राहू दे."