झिपरू आबांचं नाव

धुळ्यातल्या मोटारपंपांच्या दुकानात अय्युब विक्रेता होता. दिवाळीपर्यंत एक तरी पंप खपव, नाहीतर घरी बस, असं मालकाने बजावल्यावर त्याने संभाषणकलेचं पुस्तक पाठ केलं. गिऱ्हाइकाला वारंवार नावाने हाक मारा, असं त्यात होतं. लेखक साक्री तालुक्यात कधी फिरकला नसावा.

साक्रीजवळच्या एका खेड्यात झिपरू आबांच्या ओट्यावर अय्युबने सुरुवात केली. "झिपरूजी, विहीर किती खोल? झिपरूजी, यंदा ऊस का?"

पाचव्या झिपरूजीला आबांनी पानाचा डबा आपटला. "मन्ही बायकोनी चाळीस वरीसमा मन्हं नाव लिधं नही, अन् तू चहा येवाना पयले पाच येळ लिधं!"

"चुकलं, आबा," म्हणून अय्युब वैतागून गप्प बसला. नोकरी तर गेलीच होती. आबांना मात्र आयता ऐकणारा सापडला. विहीर, जळालेला जुना पंप, तो गळ्यात मारणारा बडबड्या विक्रेता, भावकीतली भांडणं, असं सगळं त्यांनी ऊन उतरेपर्यंत सांगितलं.

"आन तुन्हा पंप," शेवटी ते म्हणाले. "पन बसाडाले तूच ये. मन्ही सांगानी गोट आजून अर्धीच व्हयनी."